एकाच सिनेमाचा दिग्दर्शक

आपल्यापैकी किती जण स्वतःच्या मर्जीने इंजिनिअरिंगला आले? खरं खरं सांगा! मला हा प्रश्न पडला तो चार्ल्स लॉटनविषयी वाचताना.

लॉटनच्या घरचं हॉटेल होतं, इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या स्कार्बरो ह्या समुद्रकाठच्या गावात. जन्म १८९९ चा. घरातला थोरला मुलगा, म्हणजे पुढे धंदा त्यानेच बघायचा हे ठरलेलं. जेझुइट फादरांच्या बोर्डिंग शाळेतून बाहेर पडल्यावर त्याला लंडनच्या क्लॅरिजेस हॉटेलात काम शिकायला धाडलं. मग पहिलं महायुद्ध. तिथे विषारी वायूचा त्रास होऊन तो परतला आणि पुन्हा हॉटेलच्या कामाला लागला. फावल्या वेळात हौशी नाटकं करायचा. शेवटी १९२५ साली, पंचविशी उलटल्यावर, घरच्यांना राजी करून तो लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये शिरला आणि तिथलं सुवर्णपदक पटकावलं.

पुढचं बहुतेकांना माहीत असतं. जाडा, हिरोसारखं अजिबात न दिसणारा हा माणूस, आपण कुरूप आहोत हे त्याच्या मनाने पक्कं घेतलेलं. पण १९३३ च्या सिनेमातल्या आठव्या हेन्रीच्या भूमिकेसाठी त्याला ऑस्कर मिळालं. १९३५ चा कॅप्टन ब्लाय आणि १९३९ चा नोत्र दामचा कुबडा तर विसरणंच शक्य नाही. १९५० मध्ये तो अमेरिकेचा नागरिक झाला. तिथे टीव्हीवर दिसला, गावोगावी फिरून वाचनाचे प्रयोग केले, नाटकं बसवली. असो.

मला सांगायचंय ते १९५५ बद्दल. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी लॉटनने पहिला सिनेमा दिग्दर्शित केला, ‘द नाइट ऑफ द हंटर’. पैशांसाठी दोन पोरांच्या मागे लागलेला एक ढोंगी धर्मोपदेशक, ही त्याची गोष्ट. रॉबर्ट मिचमच्या बोटांवर एका हाताला प्रेम आणि दुसऱ्या हाताला द्वेष असे शब्द गोंदलेले! शूटिंग झालं जेमतेम ३६ दिवसांत. आपल्या ब्रँचच्या मंडळींना आवडेल असा एक जुगाड सांगते. लांबवर क्षितिजावर घोड्यावरून जाणारा उपदेशक दाखवायचा होता, पण स्टुडिओत एवढी जागा कुठली? मग एका ठेंगण्या माणसाला छोट्या तट्टावर बसवलं, आणि अंतर आपोआप वाढलं. मी तो सीन तीनदा रिवाइंड करून पाहिला, तरी कळलं नाही.

आणखी एक. टेक संपला तरी लॉटन बऱ्याचदा कॅमेरा बंद करत नसे. फिल्म फिरत असतानाच नटांना सूचना देत राही. त्यामुळे कित्येक तासांचं जादा फुटेज उरलं आणि ते आजही जपून ठेवलेलं आहे. त्यात त्याचा आवाज ऐकू येतो, लहान पोरांना समजावणारा.

सिनेमा मात्र साफ पडला. प्रेक्षक फिरकले नाहीत, बऱ्याच समीक्षकांनी नाकं मुरडली. लॉटनने ते फार मनाला लावून घेतलं. युद्धावरच्या ‘द नेकेड अँड द डेड’ची त्याची तयारी चालली होती. तोही हातातून गेला आणि १९५८ साली दुसऱ्याच दिग्दर्शकाच्या नावाने आला. नट म्हणून तो काम करत राहिला, ऑस्करसाठी पुन्हा नामांकनही मिळालं, पण दिग्दर्शकाच्या खुर्चीत परत कधीच बसला नाही. १५ डिसेंबर १९६२ ला तो लॉस एंजेलिसमध्ये कॅन्सरने गेला.

त्याच्या त्या एकुलत्या एका सिनेमाला अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जागा मिळाली १९९२ साली. तीस वर्षं उशिरा!