पुलंचा 'तमाशा' आणि रॉकचे सूर

मराठी संगीत नाटकाचा नायक रॉकच्या ढंगात गाऊ लागला, तर नाट्यसंगीतावर वाढलेला रसिक ते स्वीकारील काय? १९७८ मध्ये हा प्रश्न उभा करणारे नाटक लिहिले, ते बालगंधर्वांच्या सुरांवर नितांत प्रेम करणाऱ्या पु. ल. देशपांडे यांनीच.

८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत जन्मलेल्या पुलंचे बालपण जोगेश्वरीत आणि पुढे विलेपार्ल्यात गेले. पार्ले टिळक विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. लहानपणीच त्यांचा हात पेटीवर बसला आणि पार्ल्याच्या टिळक मंदिरात साक्षात बालगंधर्वांसमोर पेटी वाजवून त्यांनी शाबासकी मिळवली. शिक्षक, प्राध्यापक, चित्रपट संगीतकार, आकाशवाणी आणि दूरदर्शन असा पुढचा प्रवास झाला. परक्या कलाकृती मराठी मातीत रुजवण्यात त्यांचा हातखंडा होता. गोगोलवरून 'अंमलदार', तर शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून 'ती फुलराणी' साकारली.

आणीबाणीनंतर १९७७ च्या निवडणुकीत पुलं जाहीर सभांतून सत्तेविरुद्ध बोलले. पुढच्याच वर्षी 'तीन पैशाचा तमाशा' रंगभूमीवर आला. त्याचा आधार होता बर्लिनमध्ये १९२८ साली गाजलेला ब्रेश्टचा 'थ्रीपेनी ऑपेरा'. तोही जॉन गे याच्या १७२८ मधील 'बेगर्स ऑपेरा'वर बेतलेला. गे याने इटालियन ऑपेराच्या डामडौलाची थट्टा केली. ब्रेश्ट आणि संगीतकार कुर्ट वाइल यांनी त्यात जाझचा रंग मिसळून गुन्हेगार आणि पोलिसांचे साटेलोटे चव्हाट्यावर आणले. पुण्याच्या थिएटर अकादमीसाठी जब्बार पटेल यांनी मराठी प्रयोगाचे दिग्दर्शन केले. त्यात नाट्यसंगीताच्या शेजारी पॉप आणि रॉक येऊन बसले.

गुंड नायक अंकुशच्या भूमिकेत होते नंदू भेंडे. १९७४ मध्ये अलेक पदमसी यांच्या 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' या इंग्रजी रॉक ऑपेरात ते ज्यूडास झाले होते. पाश्चात्त्य वळणाचा तोच गळा मराठी संगीत रंगभूमीवर आला आणि हे नाटक गाजले.

१२ जून २००० रोजी पुण्यात पुलंचे निधन झाले. ११ एप्रिल २०१४ रोजी नंदू भेंडेही गेले. विनोदी लेखक म्हणून पुलं घराघरांत वाचले जातात. रॉकला मराठी संगीत नाटकाचे दार उघडून देणाऱ्यांतही त्यांचे नाव घ्यायला हवे.