कंत्राटदार जोतीराव

महात्मा फुले म्हटलं की आपल्याला भिडेवाडा, सावित्रीबाई आणि मुलींची शाळा आठवते. मी कॉन्व्हेंटची. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात त्यांच्यावर जेमतेम एक परिच्छेद होता, तोही इंग्रजीत. त्यात एक साधी गोष्ट नव्हती, की हा माणूस पोटापाण्यासाठी करायचा काय? शाळा काढल्या, पुस्तकं छापली, समाज स्थापन केला, या सगळ्याला पैसा लागतो. तो कुठून आला?

तर मित्रांनो, जोतीराव कंत्राटदार होते. सरकारी बांधकामांचे कंत्राटदार! म्हणजे सिव्हिलवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

जन्म 11 एप्रिल 1827 चा. घराण्याचं मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांच्या दरबाराला फुलं पुरवायचं काम घरात आलं आणि लोक फुले म्हणू लागले. म्हणजे पुरवठ्याचा धंदा रक्तातच होता म्हणायचा. मिशनच्या शाळेत इंग्रजी शिक्षण झालं आणि 1848 साली, एकविसाव्या वर्षी, त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. (आपण या वयात सबमिशनच्या तारखा पुढे ढकलून मागतो. असो.) वडील गोविंदरावांवर लोकांचा दबाव आला आणि नवराबायकोला घर सोडावं लागलं. हा भाग सगळ्यांना माहीत आहे, म्हणून मी पुढे जाते.

1863 च्या सुमारास त्यांनी धातूच्या ओतकामाला लागणारं साहित्य विकायचा व्यवसाय सुरू केला. पुढे 1870 च्या दशकात ते सरकारी कामात उतरले. पुण्याजवळ धरणाचं मोठं काम चाललं होतं, त्याला त्यांनी बांधकामाचा माल पुरवला. कात्रजचा बोगदा आणि येरवड्याचा तुरुंग या कामांसाठी मजूर पुरवायची कंत्राटंही त्यांच्याकडे होती. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी या नावाशीही त्यांचं नाव जोडलेलं आहे.

आता इथे जरा थांबते, कारण खरी गंमत इथे आहे. माल पुरवणं आणि मजूर पुरवणं ही दोन वेगळी कामं. मालाचा पैसा मोजमापावर मिळतो, मजुरांचा हजेरीपत्रकावर. दोन्हीत कंत्राटदाराला आधी स्वतःच्या खिशातून पैसा घालावा लागतो. मजूर आठवड्याच्या बाजाराला पैसे मागणारच, त्याला बिल पास व्हायची वाट बघा असं सांगता येत नाही. आणि बिल पास करणारा असतो कचेरीतला माणूस. त्याने मोजमाप दोन दिवस उशिरा घेतलं, एक शेरा मारला, की कंत्राटदाराचा श्वास अडकला. आपल्याला एस्टिमेटिंग अँड कॉस्टिंगमध्ये रेट अ‍ॅनालिसिस शिकवतात, पण या अडकलेल्या श्वासाचा रेट कुठल्याच शेड्यूलमध्ये नसतो. साधं घराचं इंटिरियर करणारा सुतारसुद्धा हेच सांगेल. प्लायवूड त्याने उधारीवर आणलेलं असतं आणि शेवटचा हप्ता मालक महिनोन् महिने लटकवतो.

म्हणूनच त्या धंद्यातला शहाणपणा एकच: खात्याशी गोड राहायचं. हजेरीवर दहा नावं आणि कामावर आठ माणसं, मोजमाप थोडं फुगवायचं, फरक वाटून घ्यायचा, सगळे खूश. आणि जोतीरावांनी काय करावं? 1873 साली त्यांचं गुलामगिरी हे पुस्तक निघालं. अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना ते अर्पण केलंय, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण त्यात इंजिनिअर खात्यावर एक पोवाडाही आहे! साहेबाच्या नजरेआड खात्यातले ब्राह्मण कामगार कशी कारस्थानं करतात, हा त्याचा विषय. म्हणजे ज्या खात्याकडून धंदा मिळायचा, त्याचंच पितळ या माणसाने छापून उघडं पाडलं. आज वाचताना त्यातला जातीचा उल्लेख काहींना टोचेल. मलाही पहिल्यांदा टोचला. पण त्या कचेऱ्यांत लेखणी कोणाच्या हातात होती आणि डोक्यावर पाटी कोणाच्या होती हे बघितलं की राग कुठून आला ते कळतं. आणि तो ऐकीव राग नव्हता. ते स्वतः त्या कामांवर उभे राहिले होते.

त्याच वर्षी 24 सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला. पुढे मुंबईतले तेलुगू कंत्राटदार, रामय्या व्यंकय्या अय्यावारू, व्यंकू बाळाजी काळेवार अशी मंडळी त्याला येऊन मिळाली. नोकरदाराला साहेबाची भीती, पण आपल्या कमाईवर जगणाऱ्याला थोडं तरी मोकळं बोलता येतं, असं मला वाटतं.

1876 ते 1883 जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते, म्हणजे आता टेबलाच्या पलीकडे. 1880 साली व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करायचा ठराव आला. त्याच्या विरोधात मत देणारे ते एकटेच. मोठी मंडई बांधायलाही त्यांचा विरोध होता. तो पैसा शिक्षणावर घाला असं त्यांचं म्हणणं. बांधकामातून पैसा मिळवणारा माणूस बांधकाम नको म्हणतो, हे आपल्याकडे कुठे बघायला मिळणार! मंडई व्हायची ती झालीच, 1886 मध्ये, रे मार्केट नावाने. आणि आज तिचं नाव महात्मा फुले मंडई!

धरण-कालव्याच्या कामाचा अनुभव शेतकऱ्याचा असूड या 1883 च्या पुस्तकात उतरलाय. पाण्याला तोट्या बसवा, म्हणजे प्रत्येक शेतकऱ्याला गरजेपुरतं पाणी मोजून मिळेल. सैन्य आणि पोलीस रिकामे असतात तेव्हा त्यांच्याकडून ताली आणि बंधारे बांधून घ्या, म्हणजे पावसाचं पाणी शेतात मुरेल आणि माती वाहून जाणार नाही. आम्ही महागावची माणसं, कापूस आणि सोयाबीनवाली. आमच्या शेताखालच्या नाल्यावर एक बंधारा आहे. कागदावर तो पूर्ण आहे, बिलसुद्धा निघालंय. पाणी मात्र त्यात दिवाळीपर्यंत काही थांबत नाही. असूडातला तो भाग मी सुट्टीत घरी आबांना वाचून दाखवला, तर ते म्हणाले, हे कोणत्या आमदाराचं भाषण आहे?

1888 च्या मे महिन्यात मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली आणि दोन महिन्यांत अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, तर त्यांनी डाव्या हाताने सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक लिहून काढलं. मिळवलेला पैसा केव्हाच शाळा, अनाथाश्रम आणि समाजाच्या कामात गेला होता. घरात चणचण होती. मामा परमानंदांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे या कुटुंबाला मदत करा म्हणून रदबदली केली. 28 नोव्हेंबर 1890 ला जोतीराव गेले. डाव्या हाताने लिहिलेलं ते पुस्तक पुढच्या वर्षी, 1891 मध्ये छापून आलं.