बर्फावर चालणारा गणिती : लिओनिद कांतोरोविच

बारावीला एलपीपीचा धडा आपण सगळ्यांनीच केलाय. ग्राफ पेपरवर दोन-तीन रेषा काढायच्या, कोणती बाजू घ्यायची ते (०,०) ठेवून बघायचं, मधला भाग पेन्सिलने शेड करायचा आणि कोपरे तपासून उत्तर लिहायचं. हमखास मार्क देणारा धडा! पुढे ऑपरेशन्स रिसर्चमध्ये तोच धडा सिम्प्लेक्सचा टेबल घेऊन परत भेटतो आणि मग मात्र घाम फोडतो. पण त्या शेड केलेल्या तुकड्यापायी एका माणसाने वीस वर्षं जीव मुठीत धरून काढली, हे आपल्याला कुणी सांगत नाही. त्या माणसाचं नाव लिओनिद कांतोरोविच.

त्यांचा जन्म १९ जानेवारी १९१२ चा, सेंट पीटर्सबर्गचा. वडील डॉक्टर, ते १९२२ साली वारले तेव्हा लिओनिद फक्त दहा वर्षांचे. चौदाव्या वर्षी, म्हणजे आपण नववीत असतो त्या वयात, ते लेनिनग्राड विद्यापीठात दाखल झाले. अठराव्या वर्षी पदवी आणि बाविसाव्या वर्षी प्रोफेसर! विषय मात्र शुद्ध गणिताचा. शेत, कारखाना, बाजार यांच्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

तो संबंध १९३८ साली आला. प्लायवूड बनवणाऱ्या संस्थेची माणसं एक अडचण घेऊन त्यांच्याकडे आली. लाकडाच्या जाती अनेक, ते सोलणारी यंत्रं अनेक आणि प्रत्येक यंत्राचा प्रत्येक लाकडावरचा वेग वेगळा. मग कोणत्या यंत्राला कोणतं लाकूड द्यायचं, म्हणजे माल जास्तीत जास्त निघेल? गणित वरून सोपं दिसत होतं, पण सगळे कोपरे एकेक करून तपासायचे म्हटले तर आयुष्य पुरलं नसतं. कांतोरोविच यांनी कोपरे न मोजता उत्तराकडे नेणारी रीत शोधली आणि १९३९ मध्ये विद्यापीठाने ती छोट्या पुस्तकाच्या रूपात छापली. रेषीय असमानतांवर फ्रान्सच्या फूरिये यांनी (हो, आपल्या एम-थ्रीतलेच ते फूरिये!) शंभर वर्षं आधी काम केलं होतं, पण त्या कारखान्यात उतरवल्या त्या कांतोरोविच यांनी.

हे नेमकं काय आहे, ते आपल्याच हिंगोली जिल्ह्यातलं उदाहरण घेऊन पाहू. आकडे समजण्यापुरते मानलेले आहेत. वसमतकडच्या एका शेतकऱ्याकडे ५ एकर रान आणि हातात १ लाख ८० हजार रुपये आहेत. हळदीला एकरी ६० हजार खर्च, सोयाबीनला २० हजार. खर्च वजा जाता हळदीत एकरी ५० हजार उरतात, सोयाबीनमध्ये २० हजार. हळद क्ष एकर आणि सोयाबीन य एकर धरलं, तर जमिनीची अट क्ष + य ≤ ५. पैशाची अट, वीस-वीस हजारांच्या मापात, ३क्ष + य ≤ ९. शिवाय क्ष आणि य शून्यापेक्षा कमी नाहीत. दोन रेषा काढा, दोन्हींची खालची बाजू घ्या. जो चौकोन उरतो त्याचे कोपरे (०,०), (३,०), (२,३) आणि (०,५).

आता नफा बघा. नुसती हळद केली तर पैसा ३ एकरांतच संपतो आणि नफा दीड लाख. नुसतं सोयाबीन केलं तर १ लाख. २ एकर हळद आणि ३ एकर सोयाबीन केलं तर १ लाख ६० हजार. म्हणजे जास्त नफ्याचं पीक सगळीकडे लावणं हा सगळ्यात जास्त नफ्याचा मार्ग नाही!

कांतोरोविच यांची खरी करामत याच्या पुढे आहे. या शेतकऱ्याला आणखी २० हजार मिळाले तर? मग अडीच-अडीच एकर करता येतं आणि नफा १ लाख ७५ हजार होतो, म्हणजे १५ हजारांनी वाढतो. आणि पैसा तेवढाच ठेवून एक एकर जास्तीचं मिळालं तर? नफा फक्त ५ हजारांनी वाढतो. म्हणजे या माणसाला अडतं आहे ते जमिनीपायी नाही, भांडवलापायी. ५ हजारांच्या वर खंड देऊन एकर घेणं त्याला परवडत नाही, पण वेळेवर मिळालेलं पीककर्ज मात्र सोन्यासारखं आहे. प्रत्येक अडचणीची अशी एक लपलेली किंमत असते. आपण तिला शॅडो प्राइस म्हणतो.

आणि नेमकी हीच किंमत कांतोरोविच यांच्या अंगाशी येणार होती. पण त्याआधी युद्ध आलं.

सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन फौजांनी लेनिनग्राडला वेढा घातला. त्या हिवाळ्यात साध्या नागरिकाला दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता. धान्य यायला वाट एकच होती, गोठलेल्या लाडोगा सरोवरावरून. कांतोरोविच तेव्हा लष्करी इंजिनिअरिंग संस्थेत शिकवत होते. बर्फाची जाडी किती, हवेचं तापमान किती, मग दोन ट्रकमध्ये अंतर किती ठेवायचं, हा हिशेब त्यांच्याकडे आला. अंतर कमी ठेवलं तर ट्रक बुडणार, जास्त ठेवलं तर शहर उपाशी. इथे ≤ चं चिन्ह चुकलं तर मार्क नव्हे, माणसं जाणार होती. ते नुसते टेबलाशी बसले नाहीत. डिसेंबर १९४१ आणि जानेवारी १९४२ मध्ये ते स्वतः त्या बर्फावर ट्रकांच्या मधून चालले.

१९४२ मध्येच त्यांनी साऱ्या देशाच्या नियोजनाला आपली रीत लावणारं पुस्तक लिहून काढलं. ते सरकारदरबारी गेलं आणि तिथेच अडकलं. कारण वरची शॅडो प्राइस! मार्क्सच्या सिद्धांतानुसार किंमत येते ती श्रमातून. आणि हा गणिती सांगत होता की जमीन, यंत्र, भांडवल यांनाही त्यांच्या टंचाईप्रमाणे किंमत असते. स्टालिनच्या काळात असं म्हणणं म्हणजे नोकरीशीच नव्हे, जिवाशीही खेळ. कांतोरोविच यांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि ते शुद्ध गणिताकडे वळले. त्या गणितासाठी १९४९ मध्ये त्यांना स्टालिन पारितोषिकही मिळालं. ज्या राजवटीने एक हात बांधला, तिनेच दुसऱ्या हाताला शाबासकी दिली.

याच सुमारास लेनिनग्राडच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात पोलादी पत्रे कसे कापायचे, यासाठी त्यांनी आपली रीत वापरून दाखवली. पत्र्याची नासाडी कमी झाली. पण किस्सा असा सांगतात की कारखान्याला भंगार देण्याचाही कोटा होता. भंगारच कमी निघाल्यामुळे तो भरेना आणि व्यवस्थापनाचीच पंचाईत झाली! अट चुकीची लिहिली की बरोबर उत्तरही गुन्हा ठरतं.

इकडे अमेरिकेत जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये सिम्प्लेक्स पद्धत स्वतंत्रपणे शोधली आणि ती जगभर गेली. कांतोरोविच यांचं पुस्तक छापलं गेलं ते १९५९ मध्ये, स्टालिनच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी. मग मात्र १९६५ मध्ये लेनिन पारितोषिक आणि १९७५ मध्ये ट्यॅलिंग कूपमन्स यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ७ एप्रिल १९८६ रोजी मॉस्कोत त्यांचं निधन झालं.

त्याच्या दोनच वर्षं आधी, १९८४ मध्ये, आयआयटी मुंबईतून शिकलेल्या नरेंद्र करमरकर या मराठी माणसाने बेल लॅब्समध्ये नवी रीत मांडली. काठाकाठाने कोपरे गाठत जाण्याऐवजी ती शेड केलेल्या भागाच्या आतूनच उत्तराकडे जाते.

आता एक गोष्ट खरी, की आपल्या शेतकऱ्याच्या ग्राफवर पाऊस लिहिलेला नसतो आणि बाजारभावही नसतो. हळदीतला नफा एकरी २० हजारांच्या खाली आला, की तोच चौकोन सगळं रान सोयाबीनला द्यायला सांगतो. म्हणून अट काढणाऱ्याने शिवारात जाऊन यावं लागतं. कांतोरोविच बर्फावर गेले ते यासाठीच. तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी ग्राफ पेपर हातात घ्याल, तेव्हा रेषा काढायच्या आधी त्या अटी कुणाच्या आहेत, तेवढं विचारून या. शेडिंग काय, कुणालाही जमतं.