ड्यूक कहानामोकु
ड्यूक पाओआ कहानामोकु (जन्म : २४ ऑगस्ट १८९०, होनोलुलू, मृत्यू : २२ जानेवारी १९६८, होनोलुलू) हे हवाई बेटांतील मूलनिवासी जलतरणपटू व सर्फिंगपटू होते. ऑलिंपिक स्पर्धांत त्यांनी ३ सुवर्ण व २ रौप्यपदके मिळवली. फळीवर उभे राहून समुद्राच्या लाटांवरून येण्याचा हवाईतील प्राचीन खेळ, म्हणजेच सर्फिंग, जगभर लोकप्रिय करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते.

पार्श्वभूमी आणि बालपण
इंग्लंडचे राजपुत्र आल्फ्रेड, ड्यूक ऑफ एडिंबरा, यांनी १८६९ मध्ये हवाईला भेट दिली. त्यावरून कहानामोकु यांच्या वडिलांचे नाव ड्यूक ठेवले गेले व तेच पुढे मुलालाही मिळाले. वडील पोलीस खात्यात होते. एकोणिसाव्या शतकात बाहेरून आलेल्या रोगांच्या साथींमुळे हवाईतील मूळ लोकसंख्या झपाट्याने घटली. ख्रिस्ती धर्मप्रचारकांचीही या खेळावर नाराजी होती. त्यामुळे सर्फिंग मागे पडले. १८९३ मध्ये हवाईची राजसत्ता उलथवली गेली आणि १८९८ मध्ये ही बेटे अमेरिकेला जोडण्यात आली. अशा काळात कहानामोकु वाइकीकीच्या किनाऱ्यावर वाढले. शालेय शिक्षण त्यांना पूर्ण करता आले नाही.

जलतरण
११ ऑगस्ट १९११ रोजी होनोलुलू बंदरात त्यांनी १०० यार्डांचे अंतर ५५.४ सेकंदांत कापले. ही वेळ तत्कालीन विक्रमापेक्षा ४.६ सेकंदांनी कमी असल्याने अमेरिकेतील क्रीडा संघटनेचा तिच्यावर विश्वास बसला नाही व विक्रमाला मान्यता मिळाली नाही. पुढच्याच वर्षी स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये १०० मीटर मुक्तशैलीचे सुवर्णपदक जिंकून त्यांनी या शंकेला उत्तर दिले. महायुद्धामुळे १९१६ ची स्पर्धा झाली नाही. १९२० मध्ये अँटवर्प येथे त्यांनी आणखी दोन सुवर्णपदके मिळवली. १९२४ च्या पॅरिस स्पर्धेत जॉनी वाइसम्युलर यांच्यामागे ते दुसरे आले. तिसरे आले ते त्यांचे बंधू सॅम्युएल.

दक्षिण गोलार्धातील दौरा
१९१४ च्या अखेरीस जलतरण स्पर्धांसाठी ते ऑस्ट्रेलियाला गेले. सिडनीजवळील फ्रेशवॉटर किनाऱ्यावर त्यांनी पाइनच्या लाकडाची फळी स्वतः घडवली व तिच्यावरून सर्फिंगची प्रात्यक्षिके दाखवली. तेथे असे प्रयत्न पूर्वीही झाले होते. परंतु या खेळाची खरी ओढ लोकांना त्यांच्या प्रात्यक्षिकांमुळे लागली. इझाबेल लेथम या १५ वर्षांच्या मुलीला आपल्या फळीवर घेऊन त्यांनी लाटांवरून फेरी मारली. १९१५ च्या प्रारंभी ते न्यूझीलंडला गेले. वेलिंग्टन येथील लायल बे हा किनारा कुकच्या सामुद्रधुनीकडे उघडा आहे. तेथील पाणी थंड असते व दक्षिणेकडून बोचरे वारे येतात. उबदार वाइकीकीपेक्षा इतक्या वेगळ्या समुद्रावरही हा खेळ शक्य आहे, हे त्यांनी तेथे दाखवून दिले. फ्रेशवॉटर येथील फळी तेथील जीवरक्षक मंडळाने आजही जतन केली आहे.

१९२५ ची जीवरक्षणाची घटना
१९२० च्या दशकात ते कॅलिफोर्नियात चित्रपटांत काम करत होते. परंतु वर्णामुळे त्यांच्या वाट्याला दुय्यम भूमिकाच येत. काही उपाहारगृहांत त्यांना प्रवेशही नाकारला गेला. १४ जून १९२५ रोजी न्यूपोर्ट येथे ‘थेल्मा’ ही २९ जण असलेली नौका प्रचंड लाटांत उलटली. कहानामोकु फळी घेऊन पाण्यात उतरले आणि वारंवार खेपा करून त्यांनी ८ जणांना किनाऱ्यावर आणले. सोबत्यांनी आणखी ४ जणांना वाचवले. १७ जण मृत्युमुखी पडले. या घटनेनंतर फळीचे जीवरक्षणातील महत्त्व सर्वांच्या ध्यानात आले.

उत्तरायुष्य आणि सन्मान
हौशी खेळाडूंसाठी असलेल्या नियमांमुळे जलतरणातून त्यांना उत्पन्न मिळवता आले नाही. जगभर कीर्ती मिळूनही उपजीविकेसाठी त्यांना पेट्रोल पंप चालवावा लागला. १९३४ मध्ये ते होनोलुलूचे शेरीफ म्हणून निवडून आले व सुमारे पाव शतक त्या पदावर राहिले. १९४० मध्ये त्यांचा नदीन अलेक्झांडर यांच्याशी विवाह झाला. निधनानंतर त्यांच्या अस्थी वाइकीकीच्या समुद्रात विसर्जित करण्यात आल्या. १९९० मध्ये वाइकीकी येथे त्यांचा पुतळा उभारण्यात आला, तर २००२ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.