स्वादुपिंडातली बेटे पाहणारा विद्यार्थी

इन्सुलिनचा विषय निघाला की टोरांटोच्या बँटिंग आणि बेस्ट या जोडीचे नाव येते, आणि ते योग्यच आहे. पण हे दोघे ज्या पेशींचा अर्क काढायला धडपडत होते, त्या ५२ वर्षे आधी, १८६९ साली, बर्लिनमध्ये एका २१ वर्षांच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या होत्या. त्याचे नाव पॉल लँगरहॅन्स. मधुमेह हा त्याच्या अभ्यासाचा विषयच नव्हता. आपण पाहिलेल्या गोष्टीचा या रोगाशी काही संबंध आहे, हे त्याला शेवटपर्यंत कळले नाही.

पॉलचा जन्म २५ जुलै १८४७ रोजी बर्लिनमध्ये झाला. वडील नावाजलेले डॉक्टर. आई तो लहान असतानाच क्षयाने गेली. पुढे त्याचे दोन्ही सावत्र भाऊही डॉक्टर झाले, म्हणजे घराणेच वैद्यकीचे. आधुनिक विकृतिशास्त्राचे जनक रुडॉल्फ फिर्खो यांची या घराशी ओळख होती. पॉल आधी येना विद्यापीठात शिकला आणि मग बर्लिनला फिर्खोंच्या प्रयोगशाळेत दाखल झाला. विद्यार्थ्याला तेव्हा याहून मोठे भाग्य नव्हते.

तिथे ज्युलियस कोनहाइम यांच्याकडून तो गोल्ड क्लोराइडने ऊती रंगवण्याची पद्धत शिकला. ती त्याने माणसाच्या त्वचेवर वापरली, तेव्हा वरच्या थरात फांद्या फुटल्यासारख्या, काळ्या रंगाच्या पेशी दिसल्या. आकार मज्जापेशींसारखा होता, म्हणून त्या मज्जासंस्थेच्याच असाव्यात असे त्याने मानले आणि १८६८ साली तसा निबंध छापला. हा तर्क चुकीचा होता. या पेशी शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी आहेत, बाहेरचा शत्रू त्वचेतून आत शिरताना त्याला पकडून त्या लिम्फ ग्रंथींपर्यंत वर्दी पोहोचवतात, हे समजायला १९७०चे दशक उजाडावे लागले.

पुढच्याच वर्षी एम.डी.च्या प्रबंधासाठी त्याने स्वादुपिंड घेतले. जठराच्या मागे आडवी पसरलेली ही ग्रंथी पाचकरस तयार करते आणि नलिकेवाटे आतड्यात सोडते, एवढे तेव्हा माहीत होते. फ्रान्सच्या क्लोद बर्नार्ड यांनी त्यावर आधीच मोठे काम केले होते. राहिलेल्या प्रश्नांकडे फारसे कुणाचे लक्ष नव्हते. लँगरहॅन्सने सशाचे स्वादुपिंड रसायनात दोन-तीन दिवस मुरवून त्यातल्या पेशी एकमेकींपासून सुट्या केल्या आणि तासन् तास पाहिल्या. नऊ प्रकारच्या पेशी त्याने नोंदवल्या. त्यातला एक प्रकार इतरांत मिसळत नव्हता. लहान, बहुकोनी, जवळजवळ पारदर्शक अशा या पेशी पुंजके करून ग्रंथीभर विखुरलेल्या होत्या. नागपूरकरांना सांगायचे तर संत्र्याच्या फोडीत सगळा गर असावा आणि मधेच कुठेतरी एखादी बी लागावी, तसे.

आता त्याची खरी थोरवी. त्वचेतल्या पेशींबाबत त्याने तर्क लढवला होता. या पुंजक्यांबाबत मात्र त्याने प्रबंधात साफ लिहून टाकले की यांचे काम काय ते सांगता येत नाही. परीक्षकांसमोर ठेवायच्या प्रबंधात २१ वर्षांच्या मुलाने असे लिहिणे सोपे नव्हते. एखादा बरा दिसणारा अंदाज ठोकून देता आला असता आणि फिर्खोंच्या नावाच्या वजनाने तो कदाचित वीस वर्षे खपलाही असता. त्याने फक्त आकार, रचना, जागा आणि मोजमाप एवढेच दिले. प्रबंध फिर्खोंना अर्पण केला, पदवी घेतली आणि तो दुसऱ्या कामाला लागला.

१८७० साली भूगोलतज्ज्ञ रिचर्ड कीपर्ट यांच्याबरोबर तो सीरिया आणि पॅलेस्टाईनकडे गेला, तिथल्या कुष्ठरोग्यांच्या वस्त्या पाहिल्या. परत येतो तोच जर्मनी-फ्रान्स युद्ध पेटले आणि जखमींची शुश्रूषा करणाऱ्या पथकात त्याची रवानगी झाली. युद्धानंतर लाइपझिगला कार्ल लुडविग यांच्याकडे काही काळ काम करून तो फ्रायबर्ग विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवू लागला. शवविच्छेदनगृह त्याच्याकडे होते. प्राध्यापकपद मिळाले, आणि वयाच्या २७व्या वर्षी, १८७४ मध्ये, खोकला सुरू झाला. आईचाच रोग, क्षय.

तेव्हा क्षयावर औषध नव्हते. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली दाखवला, स्ट्रेप्टोमायसिन यायला तर १९४०चे दशक लागले. आपल्याकडे पुढे पाचगणी-मिरजेला रोगी पाठवत, तसे युरोपात डोंगरावर किंवा समुद्राकाठी हवापालटाला पाठवत. लँगरहॅन्सही आल्प्समध्ये राहिला, इटलीच्या किनाऱ्यावर राहिला, गुण आला नाही. शेवटी १८७५ मध्ये तो अटलांटिक महासागरातल्या मदेइरा या पोर्तुगीज बेटावर गेला. तिथल्या उबदार हवेत रोगाने थोडी उसंत दिली, पण फ्रायबर्गची नोकरी आणि प्रयोगशाळा कायमची सुटली.

तरी माणूस रिकामा बसला नाही. फुंशाल गावात त्याने दवाखाना थाटला. हवापालटासाठी येणारे क्षयरोगीच बहुधा त्याचे रुग्ण असत. समुद्रातल्या वलयांकित कृमींचा त्याने अभ्यास मांडला आणि त्यांतल्या एका वंशाला फिर्खोंच्या नावावरून व्हिर्चोविया असे नाव दिले. मदेइराला येणाऱ्यांसाठी एक मार्गदर्शक पुस्तकही लिहिले. १८८५ मध्ये आपल्याच एका रुग्णाच्या विधवा पत्नीशी, मार्गारेटेशी, त्याने लग्न केले. सुखाची ही तीनच वर्षे. पुढे मूत्रपिंडे निकामी होत गेली. २० जुलै १८८८ रोजी तो वारला, तेव्हा एकेचाळिसावा वाढदिवस पाच दिवसांवर होता. फुंशालच्या इंग्रजी दफनभूमीत त्याला पुरले.

यानंतर वर्षही उलटले नव्हते. १८८९ मध्ये स्ट्रासबुर्गला ऑस्कर मिन्कोव्स्की आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले. कुत्रा सारखी लघवी करू लागला. तपासली तर तीत साखर! मधुमेहाचे मूळ स्वादुपिंडात आहे हे पहिल्यांदाच सिद्ध झाले. आणखी चार वर्षांनी, १८९३ मध्ये, फ्रान्सच्या एदुआर लागेस यांना लँगरहॅन्सच्या नोंदी आठवल्या. पाचकरस करणाऱ्या पेशींच्या समुद्रात वेगळ्या उठून दिसणाऱ्या त्या पुंजक्यांना त्यांनी लँगरहॅन्सची बेटे म्हटले, आणि हे पुंजके थेट रक्तात काहीतरी सोडत असावेत असा अंदाज मांडला. १९०१ मध्ये अमेरिकेत युजीन ओपी यांनी मधुमेहाने दगावलेल्यांच्या शवविच्छेदनात हीच बेटे बिघडलेली दाखवली. मग जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला इन्सुलिनचे इंजेक्शन मिळाले. तोवर या मुलासारख्यांना उपाशी ठेवून दिवस मोजण्यापलीकडे डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते.

आपल्या प्रत्येकाच्या स्वादुपिंडात अशी सुमारे दहा लाख बेटे असतात, पण सगळी मिळून ग्रंथीच्या वजनाचा शंभरातला एक-दोन भागच भरतो. बेटातल्या बीटा पेशी रक्तातली साखर सतत चाखत असतात. जेवणानंतर साखर वाढली की ती या पेशींत शिरून जळते. त्या ऊर्जेच्या इशाऱ्यावर पेशीच्या भिंतीतली एक झडप बंद होते, दुसरी उघडून कॅल्शियम आत येते आणि आत भरून ठेवलेल्या इन्सुलिनच्या पुड्या रक्तात रित्या होतात. शेजारच्या अल्फा पेशी ग्लुकागॉन बनवून साखर फार खाली जाऊ देत नाहीत. टाइप १ मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच बीटा पेशींचा नाश करते. टाइप २ मध्ये त्या वर्षानुवर्षे जादा काम करून थकतात. निदान होते तेव्हाच त्यांची निम्म्याच्या आसपास क्षमता गेलेली असते, आणि तोवर रुग्णाला बहुधा काहीच त्रास जाणवलेला नसतो. पोट सुटलेले असेल, घरात कुणाला शुगर असेल, तर लक्षणांची वाट न पाहता तपासणी करा असे डॉक्टर म्हणतात ते यामुळे.

सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत आजही इन्सुलिनचे नाव काढले की नातेवाईक हबकतात. त्याची सवय लागते, ती शेवटची पायरी, असे गावभर बोलले जाते. खरे तर आपली बेटे कालपर्यंत जे बनवत होती, तेच कुपीतून द्यायचे असते. क्षयाचेही तेच. मधुमेह असलेल्याला क्षय होण्याचा धोका इतरांपेक्षा दोन-तीन पट असतो, म्हणून आता क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची साखर तपासली जाते. बेटे पाहणाऱ्याला ज्या रोगाने देशोधडीला लावले, तोच रोग बेटे निकामी झालेल्यांना आजही गाठतो.

काही निवडक रुग्णांना आता बेटेच दिली जातात. मेंदूमृत दात्याच्या स्वादुपिंडातून ती वेगळी करून यकृताकडे जाणाऱ्या शिरेत सोडतात. तिथे रुजली की इन्सुलिन बनवू लागतात. कॅनडातल्या एडमंटनच्या डॉक्टरांनी २००० साली सात रुग्णांवर हे यशस्वी करून दाखवले. पण एका रुग्णाला दोन-दोन दाते लागतात आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कायम घ्यावी लागतात, त्यामुळे हा उपाय फार थोड्यांच्या आवाक्यात आहे. रोपणाआधी बेटांची मोजदाद करताना ०.१५ मिलिमीटर व्यासाचे बेट हे एकक धरतात. १८६९च्या त्या प्रबंधात पुंजक्यांचा व्यास ०.१ ते ०.२४ मिलिमीटर असा लिहिलेला आहे.