दोन पेन्सांचा लढा

मुंबईच्या कापूस बाजारात नावारूपाला आलेले सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास (१८७९-१९६१) आज स्मरतात ते १९४४ च्या मुंबई योजनेमुळे. त्यांची खरी कसोटी मात्र हिल्टन यंग आयोगावर लागली. १९२६ साली आयोगाने रुपयाचा भाव १ शिलिंग ६ पेन्स ठरविण्याची शिफारस केली, तेव्हा भिन्नमतपत्रिका जोडणारे सभासद ते एकटेच. त्यांचा आग्रह महायुद्धापूर्वीच्या १ शिलिंग ४ पेन्सांचा होता. वाद वरवर क्षुल्लक वाटेल. पण विलायतेत एका पौंडाला विकलेल्या कापसाचे जुन्या भावाने १५ रुपये होत, नव्या भावाने १३ रुपये ५ आणे ४ पै. शेतकऱ्याचा सारा व सावकाराचे व्याज मात्र तसूभरही घटणार नव्हते. कापसाच्या व्यापाऱ्याचा यात स्वार्थ होता, हे उघडच आहे. तेवढ्याने युक्तिवाद लंगडा ठरत नाही. चलन संघामार्फत त्यांनी रान उठविले, तरी १९२७ साली मध्यवर्ती कायदेमंडळात थोडक्या मतांनी हार झाली. पुढे १९३५ साली रिझर्व्ह बँक निघाली, तेव्हा तिच्या संचालक मंडळावर बसून तोच भाव सांभाळणे त्यांच्या वाट्याला आले. जून १९६६ मधील अवमूल्यनाने पौंड २१ रुपयांवर गेला, त्या वेळी ते हयात नव्हते.