बेहजत सद्र

इराणची चित्रकला म्हणताच पोथ्यांच्या पानांवरील, अतिशय बारीक कुंचल्याने काढलेली नाजूक लघुचित्रे आपल्या डोळ्यांपुढे येतात. याच देशातील एका स्त्रीने कुंचला बाजूस ठेविला, चित्रफलक जमिनीवर अंथरला आणि रंग कालविण्याच्या पात्याने त्यावर जाड काळा रंग ओढावयास प्रारंभ केला. बेहजत सद्र हे त्यांचे नाव.

त्यांचा जन्म 1924 साली अराक या शहरी झाला. तेहरान विद्यापीठाच्या ललितकला विद्यालयातील शिक्षण 1954 साली संपवून, शिष्यवृत्ती मिळताच त्या इटलीस गेल्या. रोम येथे त्यांच्या कलेने निराळेच वळण घेतले. वस्तूचे हुबेहूब रूप उतरविण्यात त्यांचे मन रमेना. रंगाचा दाट थर द्यावा आणि तो ओला आहे तोच पात्याने खरवडून काढावा, अशी रीत त्यांनी अवलंबिली. पाहणाऱ्यास त्या उभ्या पट्ट्यांत कधी झाडांचे बुंधे दिसतात, कधी नुसता वेग जाणवतो. हे काम दिसते तितके सोपे नाही; ओल्या रंगावर हात एकदा चुकला की चुकला.

मायदेशी परतल्यावर आपण जेथे शिकलो त्याच विद्यालयात त्यांनी सुमारे वीस वर्षे अध्यापन केले. त्या काळी तेथे स्त्री-अध्यापक विरळाच होत्या. शिकवीत असताना त्यांचे स्वतःचे प्रयोगही चालू राहिले. 1962 साली तेहरानच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांना राजपारितोषिक मिळाले. पुढे त्यांनी ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर चित्रे काढली. खिडकीला लावतात तशा हलत्या पट्ट्याही रंगविल्या. पाहणारा जागचा हलला की चित्रही बदले.

1979 साली इराणात राज्यक्रांती झाली. पुढल्याच वर्षी सद्र पॅरिसला गेल्या. तेथे कर्करोगाने त्यांना गाठले. मोठे फलक जमिनीवर अंथरून त्यांवर वाकण्याची शक्ती आता उरली नव्हती. तेव्हा त्यांनी काम मेजावर आणले. स्वतः टिपलेली छायाचित्रे कापावीत, ती कागदावर डकवावीत आणि भोवती तोच जुना काळा रंग पात्याने ओढावा, असा क्रम सुरू झाला. ही चित्रे आकाराने लहान आहेत, परंतु त्यांतील पात्याचा फटकारा पूर्वीच्याच जोमाचा आहे.

दुखण्यातून सावरून त्या पुष्कळ वर्षे जगल्या. 2009 सालच्या ऑगस्ट महिन्यात कॉर्सिका बेटानजीक समुद्रात पोहत असता हृदयक्रिया बंद पडून त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांचे वय पंच्याऐंशी वर्षांचे होते.